बावन्नांतला नरसू

"नरसू मिस्त्री कुठं हायेत? आमी त्येंच्या घरचे."

रविवारची सकाळ होती. साडेसात वाजायचे होते आणि फ्लोरा फाउंटनच्या कठड्यापाशी उभी राहून मी यादीतल्या नावांपुढे खुणा करत होते. मान वर करून पाहिलं तर समोर पंचाहत्तरीची एक बाई. इरकली लुगडं, दोन्ही नाकपुड्यांत चमक्या, काखेत कापडी पिशवी. पिशवीतून झेंडूचा हार आणि नारळाची शेंडी डोकावत होती. मागे माझ्याच वयाची एक मुलगी जरा अवघडून उभी होती.

"पेपरात आलंय ना," ती मुलगी म्हणाली. "मी मंजुळा पुप्पाल. ही माझी आजी, पोशव्वा. आम्ही कामाठीपुऱ्यातून आलोय. नरसू मिस्त्री म्हणजे माझ्या आजोबांचे आजोबा."

माझी पाचावर धारण बसली. कारण नरसू मिस्त्री नावाचा माणूस माझ्या माहितीत तरी कधी होऊन गेला नव्हता. तो मी बनवला होता. पाच रविवारांपूर्वी, तिथून तीनशे पावलांवर, साधारण चार सेकंदांत.

ही गोष्ट नव्व्याण्णव सालची. मी तेव्हा चोवीस वर्षांची होते, गिरगावातल्या एका शाळेत बदली शिक्षिका होते आणि जगात मला एकच गोष्ट मनापासून हवी होती: तळपदे सरांची छत्री.

तळपदे सर म्हणजे सरकारी बांधकाम खात्यातले निवृत्त आरेखक. अस्सल पाठारे प्रभू, इस्त्रीची पँट, आत खोचलेला पांढरा शर्ट आणि बारा महिने हातात काळी लांब दांड्याची छत्री. निवृत्तीनंतर त्यांनी दर रविवारी लोकांना इंग्रजांच्या वेळचा फोर्ट पायी फिरवून दाखवायला सुरुवात केली होती. फोर्टला ते जुन्या लोकांसारखं 'कोट' म्हणायचे आणि या उपक्रमाला 'कोटफेरी'. पुढे सर छत्री उंच धरून चालणार आणि मागे दहा-बारा माणसं, अशी ही वरात फाउंटनपासून निघायची ती टाउन हॉलच्या पायऱ्यांना वळसा घालून परत यायची. त्या वर्षी सरांच्या गुडघ्यांनी संप पुकारला. दोन वर्षं मी त्यांच्या मागे वही घेऊन फिरत होते, म्हणून ऑगस्टपासून फेरी त्यांनी माझ्यावर सोपवली. पण छत्री दिली नाही. "दसऱ्यापर्यंत बघतो," म्हणाले. "जमलं तर छत्री तुझी. नाहीतर कोटफेरी बंद."

सरांचा नियम एकच होता. माहीत असेल ते सांगायचं. माहीत नसेल तिथे 'माहीत नाही' म्हणायचं, तेही मान वर करून.

तो नियम मी पहिल्याच रविवारी मोडला. एका जुन्या विमा कंपनीच्या इमारतीसमोर आम्ही उभे होतो. तिच्या खांबांच्या माथ्यांवर दगडात कोरलेले सिंह आहेत, पोपट आहेत, पानं-फळं आहेत. आणि कोपऱ्यातल्या खांबावर मात्र मधेच एका माणसाचं डोकं आहे. पागोटं, झुपकेदार मिशा, डावा कान अर्धा उडालेला. एका बाईंनी विचारलं, "हा कोण?"

मला माहीत नव्हतं. सरांनाही माहीत नव्हतं, तसं त्यांनी मला सांगितलंही होतं. पण अकरा माणसं माना वर करून उभी होती आणि मग ती अकराही तोंडं माझ्याकडे वळली. चोवीस वर्षांच्या मास्तरणीला वर्गासमोर 'माहीत नाही' म्हणणं किती जड जातं, ते ज्याचं त्यालाच ठाऊक.

"हा नरसू मिस्त्री," मी म्हणाले. "एवढा एक दगड कोरायचा राहिला होता. साहेबाला इथे सिंह हवा होता. पण साहेबाला हिवताप आला आणि तो दहा दिवस खंडाळ्याला गेला. तेवढ्यात नरसूने इथे स्वतःचंच तोंड कोरलं. साहेब परत आला, बघत राहिला आणि म्हणाला, राहू दे."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. आता टाळ्यांची चटक फार वाईट. पुढच्या रविवारी मी तिखटमीठ लावून तीच गोष्ट सांगितली. त्याच्या पुढच्या रविवारी नरसूला बायको दिली, ती दुपारची भाकरी घेऊन यायची आणि नवऱ्याच्या तोंडाशी ताडून दगडातल्या मिशा बघायची. चौथ्या रविवारी आलेल्या घोळक्यात एका मराठी दैनिकाची बातमीदार होती, हे मला पुरवणी छापून आल्यावर कळलं. अर्धं पान, फोटोसकट.

त्याच संध्याकाळी सरांचा फोन आला.

"हर्षदा, नरसू मिस्त्री कुठल्या कागदात सापडला?"

"सर, ते... ऐकलंय कुठेतरी."

 मग सर म्हणाले, "वाईट खोटं आपोआप मरतं गं. चांगलं खोटं पुस्तकात जातं, मग ते काढता येत नाही. मी एकदा घातलंय, म्हणून सांगतो. पुढच्या रविवारी मी येतो फेरीला."

आणि आता तो रविवार उजाडला होता. पोशव्वाबाई हार घेऊन समोर उभ्या होत्या, आणि चर्चगेटच्या बाजूने एक काळी छत्री टकटक करत येत होती.

सांगून टाकायला हवं होतं, तिथेच, कठड्यापाशी. मी तोंड उघडलंही. तेवढ्यात बाकीची माणसं जमली, सर आले, मंजुळाने त्यांनाही सगळं सांगितलं. सरांनी पोशव्वाबाईंना नमस्कार केला, माझ्याकडे एकदाच बघितलं आणि म्हणाले, "चल. तूच ने. मी मागून येतो."

त्या दिवशी मी काय सांगितलं ते मला आठवत नाही. कमानी, घड्याळं, गॅलऱ्या. तोंड आपलं चालू होतं. लक्ष मात्र पोशव्वाबाईंकडे. त्या मधेच थांबायच्या, एखाद्या भिंतीशी जाऊन निरखून बघायच्या.

"ह्यो कुर्ल्याचा दगड," एकदा म्हणाल्या. "आन् वरची नक्षी पोरबंदरच्या दगडाची. त्यो मऊ असतो, बोटानं उकरावा तसा उकरतो."

"तुम्हांला कसं माहीत?" एका चष्मेवाल्या गृहस्थांनी विचारलं.

"आमच्या घरात सगळी बांधकामावरचीच. मी बी पंधरा वर्सं घमेली व्हायलीत," त्या म्हणाल्या, आणि सगळा घोळका मला सोडून त्यांच्याभोवती जमला. सरांचा नियम होता की भिंतींना हात लावायचा नाही, हातांच्या घामाने दगड खराब होतो. पण पोशव्वाबाई खुशाल दगडावरून हात फिरवत होत्या आणि सर एक अक्षर बोलले नाहीत.

टाउन हॉलच्या पायऱ्यांवर आम्ही नेहमी दहा मिनिटं टेकायचो. पोशव्वाबाई माझ्याशेजारी येऊन बसल्या.

"बाय, तुझे लई उपकार झाले," त्या म्हणाल्या.

"अहो, नका असं म्हणू."

"न्हाई, ऐक. आमचं म्हातारं चौऱ्याऐंशीचं हाय. वरीस झालं अंथरुनातच. आता पितृपक्ष आला की समद्या वाडवडलांची नावं घेतं, आन् आज्याच्या नावाला आलं की अडतं. म्हनतं, 'पोशी, मला आज्याचं तोंड आठवंना गं. नुस्ता हात आठवतो.' चुन्यानं खाल्लेला हात, समद्या भेगा. डोक्यावरनं फिरवला की केस अडकायचे म्हनं."

मी हातातल्या यादीची घडी घालत होते.

"आमास्नी वाटायचं, आमचा नरसू आजा नुस्ता चुना मळायचा. कोटातल्या कामावर, येवढंच ठाव. आन् तू पेपरात आनलंस का त्यो मिस्त्री हुता! त्यानं सोताचं तोंड कोरलं! म्हाताऱ्यानं गल्लीतल्या येका येकाला बोलवून वाचून दाखवलंन. परवा दाढी करून घेतलीन. मला म्हनला, जा, नीट बघून ये. नाक कसं हाय, कपाळ कसं हाय, समदं येऊन सांग. माझ्यावानी दिसतो का बघ." त्या हसल्या. "नवऱ्याच्या आज्याला बघाय निगालेली मी पयलीच सून आसंन."

सर आमच्यामागे दोन पायऱ्या वर बसले होते. त्यांना सगळं ऐकू येत होतं, कारण छत्रीची टकटक थांबली होती.

 गप्प राहिले तर काय बिघडणार होतं? एका म्हाताऱ्याला मरण्यापूर्वी आजोबांचा चेहरा मिळणार होता. सर रागावतील, छत्री जाईल, जाऊ दे. पण या बाईंचं तरी भलं होईल. मी स्वतःची अशी समजूत घालत होते, आणि त्याच वेळी मला पक्कं कळत होतं की माझ्या लबाडीला मी परोपकाराचं लुगडं नेसवते आहे. कारण खरी भीती वेगळीच होती. या बाईंच्या डोळ्यांदेखत खोटारडी ठरायची.

आम्ही उठलो. विमा कंपनीची इमारत आली. मंजुळाने आजीचा हात धरून तिला कोपऱ्यातल्या खांबाखाली उभं केलं. "वर बघ, आजी."

पोशव्वाबाईंनी वर बघितलं. पदर डोक्यावर घेतला. पिशवी खाली ठेवून हात जोडले आणि तेलुगूत काहीतरी पुटपुटल्या. दगडातला माणूस अर्ध्या कानाने ऐकत होता. मग त्या माझ्याकडे वळल्या. डोळे भरलेले.

"ह्योच न्हवं, बाय?"

घोळका माझ्याकडे बघत होता. सर माझ्याकडे बघत नव्हते. ते छत्रीच्या टोकाकडे बघत होते.

"नाही, आजी," मी म्हणाले.

"आं?"

"हा कोण आहे, मला माहीत नाही. कोणालाच माहीत नाही. ती गोष्ट मी रचली. नावसुद्धा मीच दिलं. मला उत्तर येत नव्हतं, म्हणून."

मंजुळाचा चेहरा तांबडालाल झाला. चष्मेवाले गृहस्थ "अरेरे" म्हणाले. पोशव्वाबाईंना क्षणभर काही उमजलं नाही, आणि उमजलं तेव्हा त्या रडल्या नाहीत, ओरडल्या नाहीत. त्यांनी डोक्यावरचा पदर हळूच खाली घेतला. तो पदर खाली येताना मी पाहिला, आणि वाटलं की जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं.

"तुला दुसरं नाव न्हाई गावलं?" त्या म्हणाल्या.

"आमच्या चाळीला दिवाळीत चुना लावायला एक नरसू यायचे. तेच तोंडात आलं."

"आमच्यात घरटी येक नरसू असतो," त्या म्हणाल्या. मग थोड्या वेळाने, अगदी बारीक आवाजात, "म्हाताऱ्याला काय सांगू मी आता? दाढी करून बसलाय त्यो."

 तेव्हा मागून सर पुढे आले. माझ्याकडे न बघता त्यांनी विचारलं, "बाई, तुमच्या घरात आधी काय सांगत होते? पेपरात यायच्या आधी?"

"सांगितलं की. चुना मळायचा."

"कोटात?"

"कोटात. येका मोठ्या हापिसाच्या बांधकामावर. म्होरल्या खांबांवर शिंव्ह हायेत, येवढं म्हातारं सांगतं."

सरांनी वर खांबांवरच्या सिंहांकडे बघितलं. सिंह कोटात पुष्कळ इमारतींवर आहेत, हे त्यांना माझ्याहून जास्त ठाऊक होतं. "या माझ्याबरोबर," ते म्हणाले.

ते आम्हांला इमारतीच्या मागच्या गल्लीत घेऊन गेले. कोटफेरी तिथे कधीच जात नसे. तिथे बघण्यासारखं काही नव्हतं: नक्षी नाही, कमानी नाहीत, नुसते ओबडधोबड काळे दगड, आणि पूर्वी एक नळ होता तो काढल्यावर उघडा पडलेला भिंतीचा पट्टा. तिथे दगडांच्या मधल्या सांधी दिसत होत्या. करड्या, खरबरीत, बोटभर जाड.

"अडुसष्ट साली ही इमारत दुरुस्तीला काढली, तेव्हा मी इथे सात महिने होतो," सर म्हणाले. "जुने हजेरीपट मी स्वतः पाहिलेत. गवंड्यांची नावं आहेत. पाथरवटांची आहेत. शेवटच्या ओळीला लिहिलंय, 'चुन्यावर कामाठी, बावन्न'. तेलुगू मुलखातून आलेल्या मजुरांना तेव्हा कामाठी म्हणत. नावं नाहीत. फक्त बावन्न. हा त्यांचा चुना आहे. रेती, विटांची भुकटी, गुळाचं पाणी घालून चुन्याच्या घाण्यात मळायचे. बाई, हे मला माहीत आहे."

पोशव्वाबाई भिंतीजवळ गेल्या. "त्यात आमचा नरसू हुता?"

मी सरांकडे बघितलं. खोटं बोलायला याहून चांगली वेळ त्यांच्या आयुष्यात आली नसेल.

"माहीत नाही," सर म्हणाले. मान वर करून.

"नव्हता, आसं बी ठाव न्हाई न्हवं?"

"नाही बाई. तेही माहीत नाही."

पोशव्वाबाईंनी विचार केला. त्यांच्या तोंडावर हळूहळू काहीतरी परत येऊ लागलं.

"घरटी येक नरसू," त्या म्हणाल्या. "बावन्नांत येक न्हाई, चार नरसू आसत्याल."

आणि त्यांनी भिंतीवर हात ठेवला. दगडावर नव्हे, दोन दगडांच्या मधल्या सांधीवर. बोटांनी त्या ती सांध चाचपत होत्या. घमेली वाहिलेली बोटं होती ती, त्यांना खरबरीतपणाचं काही वाटत नव्हतं. मंजुळा नाक ओढत होती.

मग एक अशी गोष्ट घडली, जी दुसऱ्या कोणी सांगितली असती तर मी विश्वास ठेवला नसता. दगडाला टेकून उभं राहिलं तरी माणसाला खडसावणाऱ्या तळपदे सरांनी छत्री उलटी धरली, तिच्या लोखंडी टोकाने ती सांध खरवडली आणि पडलेला चिमूटभर चुना स्वतःच्या तळहातावर झेलून पोशव्वाबाईंपुढे धरला. पोशव्वाबाईंनी तो पदराच्या टोकात बांधला, दोन गाठी मारून. हार त्यांनी भिंतीतल्या जुन्या नळाच्या हुकाला अडकवला. नारळ तिथेच दगडावर फोडला आणि सगळ्यांना वाटला. मलाही दिला. माझ्या हातावर खोबरं ठेवताना माझी बोटं त्यांनी एकदा दाबली.

फाउंटनपाशी परत आल्यावर मी सरांसमोर उभी राहिले. ते म्हणाले, "पुढच्या रविवारी ये." आणि छत्री घेऊन निघून गेले.

तो आठवडा मी कसा काढला विचारू नका. आईला वाटलं, माझं कुठेतरी बिनसलंय. पुढच्या रविवारी मी वही घेऊन गेले ती सरांना देऊन टाकण्यासाठी. दोन वर्षांच्या नोंदी होत्या तिच्यात; त्या माझ्याकडे ठेवायचा मला हक्क उरलाय असं वाटत नव्हतं. सर कठड्यावर बसले होते. मी वही पुढे केली. ती त्यांनी घेतली नाही, नाकारलीही नाही. तेवढ्यात मंजुळा येताना दिसली, एकटी.

 आजोबांना काही झालं तर नसेल?

"आजोबांनी निरोप दिलाय," ती म्हणाली. अजून माझ्याशी ती जरा ताठच होती. "आजीने त्यांच्यापासून काहीच लपवलं नाही. पेपरातलं तोंड खोटं, ते पण सांगितलं. थोडा वेळ ते भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. मग आजीने गाठ सोडली आणि चुना त्यांच्या हातावर ठेवला. त्यांनी तो दोन बोटांत चुरला, हुंगला आणि आम्ही नको नको म्हणतोय तोवर जिभेवर ठेवला."

"मग?"

"मग म्हणाले," आणि तिचा तो ताठपणा एकदम गळून पडला, हसू आणि रडू एकाच वेळी आलं तिला, "म्हणाले, रेती जास्त घातलीय. आज्याला घाई फार."

मी हसले, आणि हसता हसता माझेच डोळे वाहायला लागले. सर मात्र हसले नाहीत. ते कठड्यावरून उठले.

"काय म्हणाले? रेती जास्त?"

"हो."

"मागच्या भिंतीत रेती जास्तच आहे," सर सावकाश म्हणाले. "अडुसष्टच्या अहवालात मीच लिहिलंय. आम्ही ते तपासणीला पाठवलं होतं. पंधरा दिवस लागले होते कळायला."

 फाउंटनभोवती माणसं जमायला लागली होती, कोणीतरी विचारत होतं की कोटफेरी इथूनच निघते ना. सरांनी माझ्या हातातली वही माझ्याच काखेत सरकवली आणि दुसऱ्या हातात छत्री दिली. तिच्या टोकाला अजून पांढरट चुना लागलेला होता.

"आठ वाजले," ते म्हणाले. "पुढे हो."

मंजुळाचे आजोबा, राजलिंगम, त्या दिवाळीपर्यंत होते. त्या आधी मी एकदा त्यांना भेटून आले. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि मला चांगलं तासभर झापलं, तेलुगूत, त्यामुळे मला त्यातलं काही कळलं नाही. मंजुळाही भाषांतर करेना.

सरांना जाऊन आता बरीच वर्षं झाली. छत्रीचं कापड मी चारदा बदललंय, दांडा तोच आहे. दर रविवारी विमा कंपनीच्या इमारतीसमोर कोणीतरी वर बोट दाखवून विचारतंच, "हा कोण?" मी मान वर करून सांगते, "माहीत नाही." लोक जरा हिरमुसतात. मग मी त्यांना मागच्या गल्लीत नेते, त्या सांधीवर हात ठेवायला लावते आणि सांगते की हा चुना बावन्न माणसांनी मळला, त्यांतल्या एकाचंही नाव लिहिलेलं नाही. पण त्यांच्यात एक तरी नरसू होता, असं त्याच्या घरचे म्हणतात, आणि घरच्यांची तक्रार आहे की त्याने रेती थोडी जास्त घातली.